कांद्याची पात : ओळखायची कशी, लावायची कशी, खायची कशी

मंडळाच्या अंकासाठी लेख म्हटला की कवी, कादंबरी किंवा एखादा साहित्यप्रकार असंच डोळ्यांसमोर येतं. मी यावेळी भाजी निवडली आहे. कारण अगदी साधं आहे. आपल्यातले निम्मे जण होस्टेलमध्ये किंवा भाड्याच्या खोलीत राहतात, एका गॅसच्या शेगडीवर चौघांचं जेवण करतात आणि महिनाअखेरीस मॅगीवर येतात. अशा माणसाला स्वस्त, चटकन शिजणारी आणि खिडकीत वाढणारी एक हिरवी भाजी नीट माहीत असली, तर त्याचा उपयोग आहे. दुसरं म्हणजे या भाजीसारखी दिसणारी काही झाडं विषारी आहेत आणि ती आपल्याच अंगणात, कुंपणाशी उगवतात. आणि तिसरं, या एका भाजीच्या नावांमध्ये भाषेचा इतका इतिहास दडला आहे की साहित्य शिकणाऱ्याने तिच्याकडे पाठ फिरवणं बरोबर नाही.

एक भाजी, बारा नावं

बेळगावच्या बाजारात थंडीच्या दिवसांत उभं राहिलात तर एकाच पेंडीला तीन-चार नावं ऐकू येतात. मराठी गिऱ्हाईक ‘कांद्याची पात’ मागतं, कुणी ‘पातीचा कांदा’ म्हणतं, कन्नड बोलणारी मावशी ‘उळ्ळागड्डी तप्पल’ म्हणते आणि कॉलेजची मुलं ‘स्प्रिंग ओनियन’ म्हणतात. विकणारीला चारही कळतात. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आपल्या मराठी भावंडांकडे हाच ‘हरा प्याज’ होतो, वडोदऱ्यात ‘लीली डुंगळी’ आणि हैदराबादेत ‘उल्लिकाडलु’. कन्नडमधलं ‘तप्पल’ म्हणजे पालेभाजी, गुजरातीतलं ‘लीली’ म्हणजे हिरवी. म्हणजे प्रत्येक भाषेने खालच्या कांद्याला सोडून वरच्या हिरव्या भागावरून नाव ठेवलं आहे.

आपला ‘पात’ हा शब्द संस्कृत ‘पत्र’ वरून आला. ‘पान’ आलं ‘पर्ण’ वरून. दोघांचा मूळ अर्थ एकच, पण मराठीने कामं वाटून दिली. रुंद असतं ते पान, लांब आणि अरुंद असते ती पात. म्हणून पिंपळाचं पान असतं आणि गवताची पात असते. सुरीचं, विळीचं ते पातं. शेतात भांगलण करणाऱ्या बायका ओळीने जी पट्टी धरून पुढं सरकतात, तिलाही पातच म्हणतात. ‘कांद्याचं पान’ कुणी म्हणत नाही, म्हटलं तर चुकल्यासारखं वाटतं. इतकी बारीक निवड आपली भाषा करते आणि आपण ती न शिकता बोलतो.

इंग्रजीतही गंमत आहे. अमेरिकेत या भाजीला ‘स्कॅलियन’ म्हणतात. हा शब्द फ्रेंचमधून आणि त्याआधी लॅटिनमधून आला, आणि लॅटिनमध्ये तो एका गावाच्या नावावरून पडला होता. ते गाव म्हणजे अष्कलोन, भूमध्य समुद्राच्या काठावरचं बंदर. बायबल वाचणाऱ्यांना हे नाव ओळखीचं आहे, शौल आणि योनाथान यांच्यासाठी दावीदाने केलेल्या शोकगीतात ते येतं. ‘शॅलट’ हा शब्दही त्याच गावावरून आला.

बायबलचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. गणना या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात अरण्यात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना मिसर देशातल्या जेवणाची आठवण येते. मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण अशी यादी आहे. तिच्यात कांद्याच्या आधी एक शब्द येतो. भाषांतरकार त्या जागी ‘लीक’ ही भाजी घालतात. पण तो हिब्रू शब्द इतर ठिकाणी गवत याच अर्थाने येतो. म्हणजे कांद्याच्या जातीच्या त्या भाजीला तिथल्या लोकांनीही गवताच्या पातीवरूनच ओळखलं असणार. त्यांची आणि आपली नजर सारखीच म्हणायची.

नेमकी ही असते तरी काय?

बाजारात पात म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा आपला नेहमीचाच कांदा असतो, फक्त लहानपणी उपटलेला. त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅलियम सेपा. कांदा पोसायच्या आधी काढला की बुडाशी पेन्सिलएवढी पांढरी दांडी मिळते. थोडं थांबलं की गोटीएवढा गड्डा धरतो. आणखी थांबलं, गड्डा चांगला भरला पण पात अजून हिरवी आहे, तर तो ‘ओला कांदा’. पात माना टाकते, वाळते, मग कांदा काढून सुकवतात, तो आपला साठवणीचा कांदा. एकाच झाडाची ही चार वयं आहेत.

पण याला एक चुलत भाऊ आहे, अ‍ॅलियम फिस्टुलोसम. चीन-जपानकडे हा फार पिकतो. त्याला गड्डा धरतच नाही, कितीही दिवस ठेवा, दांडी सरळच राहते. इंग्रजीत त्याला ‘वेल्श ओनियन’ म्हणतात, पण वेल्सशी त्याचा काही संबंध नाही. जुन्या जर्मानिक भाषांमध्ये या शब्दाचा अर्थ ‘परका’ असा होता. म्हणजे परदेशातून आलेला कांदा. गाड्यावरच्या चायनीजवर आपल्याकडे मात्र साध्या कांद्याचीच पात भुरभुरवतात.

दोघांत फरक ओळखायचा असेल तर पात आडवी कापून बघायची. फिस्टुलोसमची पात नळीसारखी पूर्ण गोल दिसते. आपल्या कांद्याची पातही पोकळच असते, पण आतल्या बाजूने थोडी चपटी असते, साधारण इंग्रजी डी अक्षरासारखी.

लसणीची पात यांच्याहून वेगळी. ती पोकळ नसते, चपटी आणि भरीव असते, घडी घातल्यासारखी. लीक ही भाजी मोठ्या शहरांत मिळते. तिचीही पात चपटीच, पण रुंद आणि जाड, बुडाची पांढरी दांडी मनगटाएवढी होऊ शकते. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: पोकळ ती कांद्याची, चपटी ती लसणीची.

सारखी दिसणारी, पण खायची नाहीत अशी

हा भाग कृपया घाईत वाचू नका.

पहिला पाऊस पडला की अंगणात गुलाबी किंवा पांढरी फुलं येणारी एक लिली असते. बऱ्याच घरी ती कुंपणाच्या कडेने ओळीने लावलेली असते. आमच्या आजीच्या परसात ती कांद्याच्या वाफ्याला लागूनच आहे. फुलं नसताना तिच्याकडे बघितलं तर हिरव्या अरुंद पाती, आणि उपटली तर खाली छोट्या कांद्यासारखा गड्डा, वर तपकिरी पापुद्रासुद्धा. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने ती आणि कांदा एकाच मोठ्या कुळातले, लांबचे नातलगच आहेत. पण लिलीच्या गड्ड्यात लायकोरिनसारखी विषारी द्रव्यं असतात. खाल्लं तर मळमळ, उलट्या, पोटात पिळवटून येणं असा त्रास होतो. नर्गिसचा गड्डाही असाच फसवा आणि असाच विषारी.

दुसरा म्हणजे रानकांदा, याला कोळकांदाही म्हणतात. कोकणात, गोव्यात, सह्याद्रीच्या माळावर तो आपोआप उगवतो. गड्डा मोठा, अगदी कांद्यासारखा. यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. जुन्या वैद्यकात त्याचा वापर आहे, पण ते जाणकाराचं काम. ट्रेकला गेल्यावर ‘अरे, जंगली कांदा!’ म्हणून तोंडात घालायची ही गोष्ट नाही.

ओळखायची कसोटी एकच आणि सोपी आहे: वास. पात चिमटीत चुरगाळा. कांद्याचा किंवा लसणीचा खणखणीत वास आला नाही, तर ते कांदा-लसूण नाही. दोन सावधगिऱ्या मात्र पाळा. आधी कांदा कापलेला असेल तर तुमच्या बोटांनाच वास असतो आणि मग सगळंच कांदा वाटतं, म्हणून हात धुऊन बघा. आणि दोन्ही झाडं एकत्र वाढत असतील तर प्रत्येक पात वेगळी तपासा, मूठभर एकदम नाही. स्वतः लावलेलं नसेल आणि खात्री नसेल तर खायचं नाही. चुकून खाल्लंच गेलं तर घरगुती उपाय करत न बसता त्या झाडाचा तुकडा सोबत घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

आणि एक गोष्ट प्राण्यांबद्दल. कांदा, पात, लसूण हे कुत्र्या-मांजरांना बाधतात, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. होस्टेलच्या मनीला उरलेली पातीची भाजी घालू नका.

कापली तरी पुन्हा का वाढते?

कोथिंबिरीची काडी तोडली की ती तोडलेली काडी पुन्हा लांब होत नाही. कांद्याची पात कापली तर होते. कारण तिची वाढ टोकाला होत नाही, बुडाला होते. नवीन भाग खालून तयार होतो आणि जुना भाग वर ढकलला जातो. म्हणजे पातीचं टोक हा तिचा सगळ्यात म्हातारा भाग. पटत नसेल तर प्रयोग करा. पातीवर बुडापासून दोन बोटांवर पेनाने खूण करा आणि आठवड्याने बघा, खूण वर सरकलेली असेल. गवताचं तसंच असतं, म्हणून तर गुरांनी चरलेलं माळरान पुन्हा हिरवं होतं.

दुसरी गोष्ट. कांदा आडवा कापला की आपल्याला चकत्या दिसतात. त्यातली प्रत्येक जाड चकती म्हणजे एकेका पातीचं बूडच असतं. वर जितक्या पाती जोमदार, तितके खाली पदर जास्त. म्हणून कांद्याचं पीक घेणारा शेतकरी पात कापू देत नाही. पात कापली की गड्डा बारीक राहतो. एकाच झाडाकडून भरपूर पात आणि मोठा कांदा, दोन्ही मिळत नाही.

कांद्याचं खरं खोड तर अगदी छोटं असतं. मुळ्या जिथून फुटतात ती बुडाची कडक चकती, तेच त्याचं खोड. आपण कापताना जी चकती फेकून देतो, सगळी पुन्हा वाढण्याची ताकद तिच्यातच असते.

लावायची कशी

तीन मार्ग आहेत. सोप्यापासून सुरू करू.

*एक : आणलेल्या पेंडीपासून.* पात चिरताना बुडाकडचा मुळ्यांसकट दोन-तीन सेंटिमीटरचा पांढरा तुकडा बाजूला ठेवा. हे तुकडे ग्लासात उभे ठेवा. पाणी फक्त मुळ्या बुडतील एवढंच. पूर्ण बुडवलं तर कुजतात. पाणी रोज बदलायचं, नाहीतर खोलीभर वास सुटतो आणि रूममेट बोलत नाही. खिडकीत ठेवलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मधून हिरवा कोंब वर येतो आणि दीड-दोन आठवड्यांत कापण्याजोगी पात होते. पण नुसत्या पाण्यात खाऊ-पिऊ काही नसतं, झाड स्वतःचाच साठा संपवत असतं. दोन-तीन कापण्यांनंतर पात दोऱ्यासारखी बारीक होते. तेच तुकडे मातीत लावले तर बरेच दिवस चालतात.

*दोन : मोड आलेल्या कांद्यापासून.* पावसाळ्यात टोपलीतल्या कांद्याला मोड येतात. बरेच जण तो फेकतात. त्याची गरज नाही. हिरव्या पडलेल्या, मोड आलेल्या बटाट्यात विषारी द्रव्य वाढतं, तसं कांद्यात होत नाही. बुरशी नसेल, कुजका वास नसेल, तर तो खाता येतो. आणि लावता तर फारच छान येतो. कुंडीत कांदा अर्धा मातीत आणि मोडाचं तोंड वर ठेवून बसवायचा. आतला साठा तयारच असतो, त्यामुळे पात झपाट्याने येते, महिनाभरात भाजीपुरती होते. एका कांद्यातून कधी एक, कधी तीन-चार कोंब फुटतात, कारण आत तेवढे डोळे असतात. जुना कांदा मऊ होत संपून जातो. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, ज्यांच्या घरी चातुर्मासाआधी कांद्याचे पदार्थ होतात, त्यांना ऐन पावसाळ्यात ताजी पात हवी असेल तर हाच मार्ग.

*तीन : बियांपासून.* इथे आधी एक गैरसमज काढायला हवा. वाण्याच्या दुकानात ‘कांद्याचं बी’ म्हणून जो काळा मसाला मिळतो, तो कलौंजी असतो. नानवर लावतात तो. ते कांद्याचं बी नव्हे, ती वनस्पतीच वेगळी आहे. दोन्ही काळी आणि टोकदार कोनांची असल्यामुळे नावाची सरमिसळ झाली. ती पेरलीत तर उगवेल, पण कांदा नाही. खरं बी बियाण्याच्या दुकानातून घ्या. नाशिककडे त्याला ‘उळं’ म्हणतात. पाकिटावरची तारीख बघूनच घ्यायचं. कांद्याचं बी फार लवकर म्हातारं होतं, वर्षभरानंतर त्याची उगवण झपाट्याने घटते.

बी साधारण एक सेंटिमीटर खोल, ओळीत पेरा आणि माती सतत ओलसर ठेवा. सात ते दहा दिवसांत केसांच्या पिनेसारखे वाकलेले हिरवे कोंब दिसतात. टोक मातीत आणि कंबर वर, अशी त्यांची तऱ्हा. ते आपोआप सरळ होतात, ओढून सरळ करायचे नाहीत. नुसती पात हवी असेल तर दाट राहू द्या, दोन रोपांत दोन-तीन बोटांचं अंतर पुरे. साधारण दोन-अडीच महिन्यांत पात काढता येते.

कुंडी वीत-सव्वा वीत खोल असली तरी चालते, कारण कांद्याच्या मुळ्या वरच्या थरातच असतात. पण मुळ्या वर म्हणजे वरची माती वाळली की झाड लगेच तहानतं. म्हणून एकदम बादलीभर ओतण्यापेक्षा थोडं थोडं आणि वरचेवर पाणी. कुंडीला खाली भोक हवंच. साचलेल्या पाण्यात बूड कुजतं. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी वाळू, एवढं मिश्रण पुरतं. ऊन पाच-सहा तास तरी हवं. उन्हाशिवाय पात लांबते, पण पोकळ, मऊ आणि फिकी होते. पांढरी दांडी लांब हवी असेल तर बुडाला मातीची भर द्यायची. ऊन न लागल्यामुळे तो भाग हिरवा होत नाही.

हंगाम म्हणाल तर आपल्याकडे थंडी सगळ्यात चांगली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलं तर नाताळनंतर हाताशी येतं. खूप पाऊस असताना उघड्यावर बी पेरू नका.

त्रास दोन प्रकारचे. पातीवर चंदेरी, पांढुरके ठिपके आणि ओरखडे दिसले तर फुलकिडे आले समजा. ते पातीच्या बेचक्यात लपतात. चार कुंड्यांपुरतं पाण्याचा जोरदार फवारा, किंवा निंबोळी अर्क पुरे. दुसरा करपा. जांभळट डाग पडून पात टोकाकडून वाळते. अशी पात काढून लांब टाका आणि पाणी पातीवर न देता बुडाला द्या. मधूनच जाड, फुगीर दांडा येऊन त्यावर कळी धरली तर तो ‘डेंगळा’. म्हणजे झाड फुलावर आलं. कोवळा असताना खुडून भाजीत घाला, निबर झाला की चावत नाही.

घेणं, धुणं, ठेवणं

पेंडी घेताना टोकांकडे आणि बुडाकडे बघा. टोकं पिवळी नकोत, बूड बुळबुळीत नको. पात मोडली की कडक आवाज यायला हवा. आत चिकट, पारदर्शक रस दिसला तर घाबरायचं नाही, तो पातीचाच असतो. वास आंबट असेल तर मात्र शिळी.

धुण्याच्या बाबतीत आळस करू नका. पातींच्या बेचक्यात माती आणि पाणी अडकतं, आणि ही भाजी आपण कच्चीही खातो. २००३ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एका रेस्टॉरंटमधल्या कच्च्या पातीतून हिपॅटायटिस ए, म्हणजे काविळीचा एक प्रकार, पसरला. ६०० हून जास्त माणसं आजारी पडली आणि तिघांचा जीव गेला. विषाणू पातीत तयार होत नाही. तो घाणीने दूषित झालेल्या पाण्यातून किंवा हातांतून येतो. पाणी कुठलं होतं हे आपल्याला पेंडी बघून कळत नाही. म्हणून मुळ्या आणि बाहेरचा लिबलिबीत पदर काढा, दांडी उभी चिरा, मोठ्या भांड्यात पाणी घेऊन हलवा आणि पात वर उचलून काढा. भांडं उपडं केलं तर तळाची माती पुन्हा पातीवर येते. असं दोन-तीन पाण्यांतून करा. धुण्याने सगळंच जातं असं नाही, त्यामुळे भाजी कुठून आली माहीत नसेल तर शिजवून खाणं केव्हाही बरं. स्वतःच्या कुंडीतली बिनधास्त कच्ची खा.

ठेवायची असेल तर रबरबँड आधी काढा, बांधलेल्या जागी पात कुजायला लागते. फ्रीज असेल तर किंचित ओलसर कापडात गुंडाळून ठेवा. नसेल तर मुळ्या पाण्यात ठेवून ग्लासात उभी करा, दोन-तीन दिवस टवटवीत राहते. आधीच धुऊन ठेवू नका.

खायची कशी

पात म्हणजे दोन भाज्या आहेत, हे समजलं की स्वयंपाक सोपा होतो. पांढरा भाग जाड आणि तिखटसर, त्याला फोडणीत वेळ द्यायचा. हिरवा भाग कोवळा, तो शेवटी घालायचा. जास्त शिजला की हिरवा रंग शेवाळी होतो आणि चव बसते. कापताना डोळ्यांत पाणी येतं ते असं: पेशीत एक गंधकयुक्त द्रव्य आणि एक विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. सुरीने कप्पे फुटले की ते एकत्र येतात आणि डोळे चुरचुरवणारा वायू तयार होतो. पातीत हा मारा पोसलेल्या कांद्यापेक्षा सौम्य असतो.

पौष्टिकतेत हिरवा भाग वरचढ. के आणि सी जीवनसत्त्व, आणि ज्यापासून शरीर ए जीवनसत्त्व बनवतं ते बीटा कॅरोटीन, हे पांढऱ्या भागापेक्षा हिरव्यात कितीतरी जास्त. म्हणजे पांढरं ठेवून हिरवं फेकणारे उलटं काम करतात. फक्त घरात कुणी आजी-आजोबा रक्त पातळ करण्याची वॉरफरिनसारखी गोळी घेत असतील, तर त्यांच्या ताटात पालेभाज्यांचं प्रमाण अचानक वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. के जीवनसत्त्वाचा त्या औषधावर परिणाम होतो.

खोलीवर करण्यासाठी सगळ्यात सोपी म्हणजे पीठ पेरून पात. दोन पेंड्या धुऊन चिरा, पांढरं आणि हिरवं वेगळं ठेवा. कढईत दोन-तीन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेली लसूण, हळद आणि हिरवी मिरची किंवा तिखट. पांढरा भाग घालून दोन मिनिटं परता. मग हिरवा भाग आणि मीठ. मीठ बेतानेच, कारण कढईभर दिसणारी पात मूठभर होते. पाणी घालायचं नाही, पातीला सुटतं तेवढंच पुरतं. मग चार चमचे बेसन सगळीकडे भुरभुरवा, झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं. एकदा खालीवर करून परत एक वाफ. पीठ कच्चं लागता कामा नये आणि गोळाही व्हायला नको. भाकरी मिळाली तर उत्तमच, नाहीतर मेसची चपातीसुद्धा या भाजीने सुधारते.

त्यापलीकडे पर्याय भरपूर. थालीपिठात, धिरड्यात, आमलेटात चिरून. कोकणपट्टीत सुकटीबरोबर किंवा जवळ्याबरोबर परतून, तिथे दोघांचा वास एकमेकांना सांभाळून घेतो. आमच्याकडे उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण नसतं आणि तेव्हा बाजारात पात भरपूर असते, त्यामुळे पातीचा झुणका ठरलेला. कन्नड शेजाऱ्यांकडे ज्वारीच्या भाकरीबरोबर पात कच्चीच तोंडी लावायला देतात, सोबत शेंगदाण्याची चटणी. गुजरातेत लीली डुंगळीच्या रश्शात वरून शेव घालतात.

जाता जाता

सावता माळ्यांनी आपल्या मळ्यातल्या कांदा-मुळ्यात देव पाहिला, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. त्यांच्या अभंगात भाजीची नावं आली, कारण ती नावं त्यांच्या हातातली होती. महाराष्ट्राबाहेर मराठी जगवायची म्हणताना आपण परिसंवाद घेतो, स्पर्धा घेतो, घ्यायलाच हव्यात. पण पात, पेंडी, गड्डा, उळं, डेंगळा, भर देणं, पीठ पेरणं हे शब्द शब्दकोशात राहून जगत नाहीत. ते वापरणारी माणसं कमी झाली की जातात. आणि ते वापरायला आधी ती वस्तू हातात असावी लागते.

तेव्हा या रविवारी एक पेंडी आणा. भाजीवालीकडे ‘पात’ म्हणूनच मागा. तिने ‘तप्पल’ म्हटलं तर तेही शिकून घ्या. भाजी करा आणि बुडं फेकू नका. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने एक ग्लास आणला तर मंडळाच्या खोलीची खिडकी महिनाभर हिरवी राहील, आणि बैठकीनंतरच्या भेळेवर घालायला काहीतरी ताजं मिळेल.